फळावर नाव कोरणारं लेझर मशीन: सांगलीत वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मी १० वॉटचं डायोड लेझर एनग्रेव्हर घेतलं, ३८,००० रुपये गेले, आणि आता वर्ष होत आलं तरी दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की ताई ते मशीन कसं आहे ओ, आम्ही पण घेऊ का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. लाकडावर, चामड्यावर, की-चेनवर ते कसं चालतं याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, ते मी सांगत बसत नाही. मी सांगणार ते फळावर, नारळावर, हळकुंडावर, पापडावर, विड्याच्या पानावर, म्हणजे जे सुकतं, नासतं, काळं पडतं त्याच्यावर कसं चालतं ते, कारण माझं कामच ते आहे. मी विश्रामबागला राहते, रुखवताच्या आणि ओटीच्या ताटांच्या ऑर्डरी घेते, आणि हे मशीन मी फक्त त्यासाठी घेतलं.

आधी मशीनबद्दल थोडं. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर पट्ट्यांनी पुढं-मागं सरकणारं लेझरचं डोकं, खाली काहीच नाही, म्हणजे जे कोरायचं ते टेबलावर चौकटीच्या आत ठेवायचं. लेझर निळा आहे, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. घेताना एक गोष्ट नक्की विचारा, जाहिरातीत मोठ्या अक्षरात ४० वॉट लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा मशीन वीज किती खातं त्याचा आकडा असतो, प्रत्यक्ष बाहेर पडणारा लेझर ५ नाहीतर १० वॉटचा असतो. ऑप्टिकल पॉवर किती एवढंच विचारायचं. मी विचारलं म्हणून वाचले, नाहीतर ५ वॉटचं मशीन ४० समजून घेतलं असतं. फळाला ५ वॉट पण पुरतो खरंतर, पण नारळाला आणि सुपारीला नाही पुरत, फार वेळ जातो.

जोडणी एका दुपारी झाली, माझ्या भाच्याने केली, तो वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग करतो. सॉफ्टवेअरला सुरुवातीला लेझरजीआरबीएल वापरलं, ते फुकट आहे आणि विंडोजवर चालतं, नंतर लाइटबर्न घेतलं, त्याला पैसे पडतात पण रोजचं काम असेल तर घ्याच. मराठी अक्षरं मी इंकस्केपमध्ये मुक्ता फॉन्टमध्ये टाइप करून पाथ, म्हणजे नुसत्या रेषा, करून घेते आणि मग आत आणते, म्हणजे जोडाक्षर फुटलं, वेलांटी दुसरीकडंच गेली ही भानगड नको.

आता पहिल्या दिवसाचं सांगते, कारण जो कोणी हे मशीन घेईल त्याची पहिली चूक हीच होणार. आमच्याकडं सत्यनारायण होता, म्हटलं आलेल्यांना प्रसादासोबत द्यायच्या केळ्यांवर "श्री" कोरू. सकाळी साडेआठला पहिलं केळं ठेवलं, पॉवर २० टक्के, वेग मिनिटाला ३,००० मिलिमीटर. निळा ठिपका सरसर पळाला, मशीन थांबलं, केळं उचलून बघते तर काहीच नाही. खिडकीकडं तिरकं धरलं तेव्हा ओल्या बोटाने ओढल्यासारख्या पुसट रेषा दिसल्या फक्त. वाटलं पॉवर कमी पडली. ५० टक्के केली, तेच केळं तिथंच ठेवून परत चालवलं, आता जरा तांबूस दिसलं, बरं वाटलं, आणि मग पुढच्या चौदा केळ्यांना तसंच दोन-दोनदा केलं. साडेदहाला गुरुजी आले, मी ताट आणायला आत गेले, तर पहिलं केळं काळं ठिक्कर पडलेलं, "श्री"च्या कडेने साल उकलून आतला गर वर आलेला आणि त्यावर दोन मुंग्या. पंधराच्या पंधरा केळी तशीच. ती मी झाकून ठेवली आणि शेजारच्या गाड्यावरनं दोन डझन साधी केळी मागवली.

नंतर वाचून वाचून कळलं ते असं, की केळ्यावर लेझर रंग काढतच नाही. तो फक्त सालीच्या वरच्या पेशी फोडतो, आणि मग त्यातला पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचा एन्झाइम, सालीतली फिनॉलं आणि बाहेरची हवा हे तिन्ही एकत्र आले की तिथं तपकिरी रंग तयार होतो. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तेच ते. त्याला वेळ लागतो. त्या दिवसापासून मी केळ्याला १५ ते २० टक्के पॉवर, एकदाच फिरवते, आणि मग केळ्याकडं बघतसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत फिकट बदामी, तासा-दीड तासात गडद चॉकलेटी आणि कडा एकदम स्वच्छ येतात. थंडीत जरा जास्त वेळ लागतो, फ्रीजमधनं काढलेल्या केळ्याला तर फारच, म्हणून केळं रूम टेंपरेचरलाच घ्यायचं. देठाकडं अजून हिरवट असलेलं, डाग नसलेलं केळं सगळ्यात चांगलं. कार्यक्रम अकराला असेल तर साडेनऊला कोरायचं, आदल्या रात्री अजिबात नाही, सकाळपर्यंत अक्षरांच्या आजूबाजूला पण डाग पसरतात आणि नाव वाचता येत नाही.

हे एकदा कळल्यावर मी प्रत्येक वस्तूची वही ठेवली, तारीख, पॉवर, वेग, किती वेळाने रंग आला, दुसऱ्या दिवशी काय झालं. ही वही ठेवणं मशीन घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण लाकडाचा तुकडा आज जसा तसाच उद्या असतो, डाळिंब आज वेगळं आणि उद्या वेगळं.

डाळिंब म्हणजे या मशीनसाठीच बनलेलं फळ आहे. आटपाडीकडचं भगवा जातीचं डाळिंब घ्यायचं, साल जाड, चामड्यासारखी, रस नाही, पाणी सुटत नाही, आणि लाल सालीवर अक्षर लगेच खाकी-सोनेरी उमटतं, थांबावं लागत नाही. ३० टक्के पॉवर, मिनिटाला २,५०० मिलिमीटर, एका नावाला अडीच मिनिटं. मिरजेला माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं डोहाळेजेवण होतं, तिच्या ओटीच्या पाच फळांत मधे डाळिंब होतं आणि त्याच्यावर तिचं नाव. ती ते फळ दोन्ही हातात धरून अंगठ्याने अक्षरांवरनं फिरवत बसली होती बराच वेळ, फोटो काढणारा सांगत होता वर बघा वर बघा तरी. ते बघितलं आणि ३८,००० वसूल झाले माझे.

पण फळ गोल असतं ही अडचण आहे आणि ती कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. लेझरचा फोकस एका ठरावीक उंचीवर असतो, तिथनं दोन-तीन मिलिमीटर वर-खाली झालं की रेघ जाड आणि पुसट येते. डाळिंब किंवा सफरचंद ७ सेंटिमीटर व्यासाचं धरा, त्यावर ३ सेंटिमीटर रुंद नाव टाकलं तर मधल्या अक्षरापेक्षा कडेची अक्षरं जवळजवळ साडेतीन मिलिमीटर खाली जातात, तेच नाव २ सेंटिमीटरमध्ये बसवलं तर दीड मिलिमीटरच जातात. म्हणून नाव छोटं करायचं, आणि फोकस फळाच्या टोकावर न लावता टोक आणि कडा यांच्या मधल्या उंचीवर लावायचा. गिऱ्हाईक म्हणतं मोठ्ठं करा ओ दिसलं पाहिजे, त्यांना मी दोन्ही करून दाखवते, मग तेच छोटं निवडतात. मोठं आडनाव असेल तर दोन ओळीत.

आणि आपल्या देवनागरीची एक खास गोष्ट, शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, आपली रेघ अख्ख्या नावावरनं जाते, आणि पातळ सालीच्या फळावर ती सलग रेघ म्हणजे कापल्यासारखीच होते. टोमॅटोवर मी "स्वागत" लिहिलं तर दुपारी बरोबर शिरोरेषेवरनं साल फाटली आणि खालची अक्षरं लटकली. आता पातळ सालीला मी शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी केसभर तोडून ठेवते, लांबनं कळत पण नाही, आणि साल टिकते. अक्षरं भरायची पण नाहीत, नुसती एकेरी रेघ, भरलेल्या अक्षरात ओळीला ओळ लागून इतकी उष्णता साठते की खालचा गर शिजतो.

फळ हलू नये म्हणून मी चुंबळ वापरते. हो, डोक्यावर घागर ठेवायला वापरतात तीच. जुन्या सुती साडीची छोटी चुंबळ करून ती ओली करून पिळायची, कोरडं कापड लेझरखाली ठेवायचं नाही. लहान फळाला स्टीलच्या वाटीत तांदूळ भरून त्यात रोवायचं. आणि फळ उंच असतं म्हणून मशीनच्या चारही पायांखाली एकसारखे ठोकळे लागतात, मी सुताराकडनं सागवानी करून घेतले, दोन मापांचे, एक डाळिंबाला आणि एक नारळाला.

आता हळकुंड, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सांगलीत राहून हळकुंडावर काही करायचं नाही असं कसं होईल, आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे लागतात, हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती हळद साठवायची, २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं, माझ्या माहेरची माणसं त्या पेवांबद्दल अजून बोलतात. तर मी पॉलिश केलेलं चांगलं जाड राजापुरी हळकुंड घेतलं, घाबरत घाबरत २० टक्क्यांवर नवरीचं नाव टाकलं, आणि अक्षर असं आलं की छापल्यासारखं. पिवळ्यावर गडद तपकिरी, कडा धारदार, एका नावाला चाळीस सेकंद. मला कळेना की एवढं टणक असून एवढ्या कमी पॉवरला कसं झालं. त्याचं कारण फार सुंदर आहे. हळद पिवळी दिसते तीच मुळी तिच्यातला करक्युमिन निळा प्रकाश शोषून घेतो म्हणून, आणि माझा लेझर निळाच आहे, म्हणजे त्याची सगळीच्या सगळी ताकद हळद पिऊन टाकते. परत हळकुंड वाळलेलं, त्यात पाणी नाही, म्हणजे थंड करणारं काही नाही. वास येतो तो फोडणीत हळद जराशी करपल्यावर येतो तसा, घरभर. अकरा हळकुंडं, प्रत्येकावर एक शब्द, रुखवतात छोट्या परडीत मांडायची, ही माझी सगळ्यात जास्त जाणारी वस्तू झाली, आणि ती नासत नाही, वर्षभर ठेवा, हळदीला उगाळून वापरा. एवढंच की गोल असतं म्हणून आधी पॉलिशपेपरने एक बाजू थोडी सपाट करून घ्यायची.

हाच हिशोब उलटा लावला की पांढऱ्या वस्तू का होत नाहीत ते कळतं. खोबऱ्याच्या वाटीच्या आतली पांढरी बाजू घ्या, निळा प्रकाश तिथनं बराचसा परत फिरतो, ४० टक्क्यांपर्यंत काही होत नाही, ५० ला पण नाही, आणि मग एका ठिकाणी जरासं करपलं की तो काळा ठिपका एकदम सगळी उष्णता खातो आणि तिथं भोक पडतं, मधलं काही मिळतच नाही, एकतर कोरं नाहीतर कोळसा. त्यात खोबऱ्याचं तेल, धूर तर विचारू नका. सोललेल्या लसणीवर पण तसंच. पांढऱ्या वस्तूच्या नादाला लागू नका.

नारळाची बाहेरची बाजू मात्र छान होते, फक्त त्याची केसं नीट काढली पाहिजेत. आधी काथ्याने, मग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने करवंटी गुळगुळीत करायची, शेंडी ठेवायची, शेंडीला ओलं फडकं गुंडाळायचं. एकदा आळस केला आणि दोन-चार तंतू राहिले तर त्यांनी पेट घेतला, छोटीच ज्योत, फुंकर मारून गेली, पण त्या दिवसापासून मशीनशेजारी पाण्याचा स्प्रे ठेवते आणि चालू मशीन सोडून दाराची बेल वाजली तरी जात नाही. नारळाला ८० टक्के, मिनिटाला १,५०० मिलिमीटर, बारा-तेरा मिनिटं जातात, चुलीत करवंटी जाळल्याचा वास येतो. सुपारी पण चांगली होते, बारीक आहे म्हणून एकच अक्षर बसतं, पण ते अक्षर जाता जात नाही.

संत्र्याबद्दल सावध. सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं आणि ते पेटणारं आहे, संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात ते लहानपणी सगळ्यांनी केलंय, लेझरखाली तेच होतं, तडतड असा आवाज आणि बारीक चमक. होतं व्यवस्थित, पण पॉवर कमी आणि वेग जास्त ठेवायचा आणि हवेचा पाइप म्हणजे एअर असिस्ट चालूच पाहिजे. सफरचंद ठीक, पण बाहेरून आलेल्या सफरचंदाला मेण असतं ते वितळून अक्षराभोवती चकाकतं, कोमट पाण्याने पुसून घ्यायचं, आणि वरचा स्टिकर आधी काढायचा, प्लास्टिक लेझरखाली कधीच जाळायचं नाही. कैरी डोहाळेजेवणाला फार मागतात, हिरव्यावर तपकिरी सुरेख दिसतं, चीक गळला की पुसावं लागतं फक्त. चिकू नको, तपकिरीवर तपकिरी दिसणार काय. स्ट्रॉबेरी वाईवरनं आणवून बघितली, लगदा झाला.

आणि द्राक्ष. माझ्या भावाची तासगावला बाग आहे, त्यामुळं सगळ्यात आधी त्याने मणी आणून दिले, की बघ एकेका मण्यावर काय येतंय का, एक्स्पोर्टच्या पेटीत वर ठेवता येईल. सोनाका घेतलं, शरद सीडलेस घेतलं, वीस-पंचवीस मणी घालवले. हिरव्या मण्यावर लेझर दिसतच नाही, अक्षर येत नाही, पॉवर वाढवली की आतला रस उकळून साल फट्‌दिशी फुटते आणि रस लेन्सपर्यंत उडतो. काळ्या मण्यावर वरची पांढरी लव उडून अक्षर दिसतं, खरंच दिसतं, पण बोट लागलं की आजूबाजूची लव पण पुसली जाते आणि अक्षर गायब. भावाला वाईट वाटलं, मलापण. बेदाण्यावर तर जागाच नाही.

पापडाचं काम करताना गल्लीतली पोरं दारात येऊन उभी राहतात इतका वास सुटतो. उडदाच्या कच्च्या पापडावर १५ टक्क्याला हलकं बदामी अक्षर येतं, पाहुण्यांच्या पानात कच्चाच मांडून ठेवायला चांगला, पण भाजला किंवा तळला की फुगतो आणि अक्षर मोडतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. पुरणपोळीवर आणि साध्या पोळीवर मात्र फार छान येतं, तव्यावर जसे तांबूस डाग पडतात तसंच अक्षर पडतं, कारण ती क्रिया तीच आहे, पिठातली साखर आणि प्रथिनं तापून रंग धरतात. गार पोळी घ्यायची, गरम पोळीची वाफ लेन्सवर बसते.

विड्याचं पान म्हणजे संयमाचं काम. पातळ असतं, ८ टक्के पॉवर, तेही मशीनच्या पंख्याच्या हवेने उडतं म्हणून वर स्टीलची जाळी ठेवावी लागते, जाळीवर काळा हीटप्रूफ रंग मारून घेतलाय मी म्हणजे लेझर चकाकून डोळ्यात येत नाही. हरितद्रव्य निळा प्रकाश चांगला घेतं त्यामुळं रेघ लगेच येते, पण जरा जास्त झालं तर पान आरपार कापलं जातं. कोरल्यावर ओल्या फडक्यात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत छान राहतं, दुसऱ्या दिवशी अक्षराच्या कडेने पान पिवळं व्हायला लागतं.

लोक विचारतात की हे खायला चालतं का, लेझर म्हणजे काही विषारी आहे का. लेझर म्हणजे प्रकाश आहे, फळात काही घालत नाही, वरची साल करपते एवढंच. बाहेर देशात हे मोठ्या प्रमाणावर करून झालंय, अमेरिकेत २०१२ साली संत्रं-ग्रेपफ्रूटसारख्या लिंबूवर्गीय फळांवर सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरने खूण करायला परवानगी मिळाली, युरोपने २०१३ मध्ये संत्रं, कलिंगडाच्या जातीची फळं, डाळिंब यांच्यावरच्या लेझरच्या खुणा ठळक दिसाव्यात म्हणून त्यावर आयर्न ऑक्साइड लावायला परवानगी दिली, २०१७ मध्ये स्वीडनच्या दुकानांत अवोकाडो आणि रताळी, आणि इंग्लंडमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने अवोकाडो असे स्टिकरऐवजी लेझरने खूण केलेले विकले. आपल्याकडं २०१८ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने पण फळांवरच्या स्टिकरच्या गोंदाबद्दल सांगितलं होतं की ते चांगलं नाही, स्टिकर काढून फळ धुवून खा. म्हणजे स्टिकरपेक्षा हे बरंच म्हणायचं. पण एक लक्षात घ्या, तिकडं जे वापरतात ते सीओटू लेझर, १०.६ मायक्रोमीटरचे, तो प्रकाश पाण्यातच शोषला जातो त्यामुळं फळाच्या रंगाशी त्याला काही देणंघेणं नाही, हिरवं असो पांढरं असो, सालीचा अगदी वरचा थर तेवढा जातो. आपला निळा डायोड पाण्यातनं सरळ आरपार जातो आणि फक्त रंगावर अडतो. म्हणून द्राक्षात फसला आणि हळदीत जिंकला. मी एका बोर्ड करणाऱ्या दुकानात सीओटू मशीनवर डाळिंब करून बघायला गेले होते, काम सुरेख झालं, पण त्या मशीनमध्ये दिवसभर ॲक्रिलिक कापतात, त्याची धूळ आणि वास सगळीकडं, दुकानदार स्वतःच म्हणाले की ताई हे खाऊ नका. बरोबर होतं त्यांचं. माझ्या मशीनवर मी खाण्याच्या वस्तूंशिवाय काहीच करत नाही, की-चेनच्या ऑर्डरी येतात त्या परत पाठवते. तरी करपलेला भाग खायचा नाहीच, साल काढून खायची फळं सगळ्यात चांगली.

कोरलेलं फळ साध्या फळापेक्षा लवकर सुकतं हे खरं आहे, त्या रेघेतनं पाणी उडून जातं. अमेरिकेत फ्लोरिडात ग्रेपफ्रूटवर अभ्यास झाला होता, कोरल्यावर वर मेण लावलं की पाणी उडणं कमी होतं असं त्यात दिसलं. मी मेण लावत नाही, मी गिऱ्हाइकाला सांगते की आज कोरलं, आजच्या कार्यक्रमाला वापरा, उद्या खाऊन टाका.

एक गोष्ट आमच्या घरात ठरली ती पण सांगते, कारण हे काम करणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येणार. पहिल्या दिवसाची ती काळी केळी बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवापुढं करपलेलं फळ ठेवायचं का?" मी म्हटलं, "अहो आई, नैवेद्याला नाही, पाहुण्यांना द्यायला." त्या म्हणाल्या, "आणि त्यावर श्री लिहिलास, ती साल कुठं जाणार?" मी गप्पच झाले. खरंच, केळं खाल्लं की साल कचऱ्यात, रस्त्यावर, कोणाच्या तरी पायाखाली, आणि त्यावर देवाचं नाव. नारळाचं पण तसंच, एका गिऱ्हाइकाने गणपतीचं चित्र कोरून घेतलं आणि मग फोडवेना, आठ दिवस तसाच राहिला आणि आतनं खवट झाला. तेव्हापासून देवाचं नाव, चित्र, ओम, श्री, स्वस्तिक काही फळावर कोरायचं नाही, आणि नैवेद्याचं फळ कोरायचं नाही. नवरा-नवरीचं नाव, तारीख, "शुभेच्छा", वेलबुट्टी, कोयरी, कमळ. ऑर्डर गेली तरी चालेल, दोन-तीन गेल्या पण. सासूबाई आता स्वतः हळकुंडं निवडून देतात.

मशीनच्या तक्रारी. पहिली, फोकस लावायला जी छोटी पट्टी दिली होती ती लाकडाच्या सपाट तुकड्यासाठी आहे, गोल फळावर ती टेकतच नाही, मी आईस्क्रीमच्या काडीवर खुणा करून स्वतःची केली. दुसरी, तीन महिन्यांत एक पट्टा सैल झाला आणि अक्षरं तिरकी यायला लागली, विकणाऱ्याला सात मेसेज केले, उत्तर आलं अठरा दिवसांनी, तोपर्यंत भाच्याने स्क्रू आवळून दिला होता. ऐन लग्नसराईत हे झालं आणि दोन ऑर्डरी मला हाताने रंगवून द्याव्या लागल्या, त्याचा राग अजून आहे. तिसरी, मधेच लाईट गेली की काम जिथं होतं तिथनं पुढं सुरू होत नाही, आणि अर्धं कोरलेलं फळ परत बरोबर त्याच जागी बसवणं अशक्य, इन्व्हर्टरवर टाकलंय तेव्हापासून सुटका.

आणि स्वच्छता, हे मशीनचा दोष नाही पण वेळ खातं. रसाचे थेंब उडतात, वाळून चिकट होतात, रात्रीत मुंग्यांची रांग, पावसाळ्यात चिलटं. रोज काम संपलं की खालचा स्टीलचा ट्रे गरम पाण्याने धुते, चौकट ओल्या फडक्याने पुसते, पट्ट्यांना आणि चाकांना पाणी लागू देत नाही, लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने. लेन्सवर रसाचा एक थेंब वाळला तर पॉवर निम्म्यावर आल्यासारखी वाटते आणि आपण उगाच आकडे वाढवत बसतो, मी एक अख्खी सकाळ यात घालवलीय.

डोळ्यांचं फार जपा, हे मी हात जोडून सांगते. या लेझरचा उडालेला प्रकाशसुद्धा डोळ्याला कायमची इजा करू शकतो, ४५० नॅनोमीटरसाठीचाच चष्मा लागतो, उन्हाचा गॉगल अजिबात नाही. ओल्या फळाची साल चकाकते, स्टीलची वाटी चकाकते, कुठनं उडेल सांगता येत नाही. माझ्या खोलीला आतनं कडी आहे, मशीन चालू असताना लहान मुलं आत नाहीत, खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवलाय.

घ्यायचं का? रुखवत, ओटीची ताटं, डोहाळेजेवण, बारसं अशी कामं करत असाल आणि सकाळी लवकर उठून कार्यक्रमाच्या दिवशीच काम करायची तयारी असेल तर घ्या, हळकुंड, डाळिंब, नारळ, केळं या चार वस्तूंवरच पैसे सुटतात, माझे आठ महिन्यांत सुटले. बागायतदार असाल आणि पेटीभर माल खुणा करून पाठवायचा विचार असेल तर हे मशीन त्यासाठी नाही, एका डाळिंबाला अडीच मिनिटं म्हणजे तासाला वीस-बावीस. हौस म्हणून घेत असाल तर ५ वॉटचं घ्या आणि हळकुंडापासून सुरुवात करा.

ते मिरजेचं डोहाळेजेवणाचं डाळिंब तिने खाल्लंच नाही, शोकेसमध्ये ठेवलं. चार महिन्यांनी बारशाला गेले तेव्हा बघितलं, वाळून लाकडासारखं टणक झालेलं, लाल रंग जाऊन सगळं तपकिरी, लांबनं नाव दिसत नाही आता. पण हातात घेऊन अंगठा फिरवला तर अक्षरं खोल लागतात अजून, शिरोरेषा पण सलग लागते.